एवढ्याशा जिवालाही दुखतं

मी पहूरहून बोलतेय. एरवी मी तुमच्याशी बचत, कर्जाचे हप्ते, गटाचं दप्तर यांविषयी बोलते. आजचा विषय वेगळा आहे, पण तो माझ्याकडे आला गटाच्या बैठकीतूनच.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. पोळ्याच्या आधीचे दिवस होते. आमच्या एका गटातल्या मावशी तातडीचं कर्ज मागायला आल्या. तीन हजार रुपये, गाडीभाड्यासाठी. मला वाटलं, कुणाला दवाखान्यात न्यायचं असेल. तर उलटंच. त्यांच्या मुलीला दिवस भरायच्या आधीच बाळ झालं होतं. वजन सव्वा किलोच्या आसपास. शहरातल्या एका दवाखान्यात बाळ काचेच्या पेटीत होतं, आणि मावशींना ते घरी आणायचं होतं. म्हणाल्या, "ताई, त्या लेकराले रोज टोचतात. टाचेले टोचतात, हाताले टोचतात. नर्सबाई म्हणे, एवढ्याशाला काय कळतंय. मले पाहवत नाही. मरायचंच असंल तर घरी मरू दे."

गटाच्या बायका गप्प झाल्या. कर्ज द्यायचं की नाही, हा प्रश्न होताच. त्याहून मोठा प्रश्न असा, की खरं कोणाचं? लेकराला दुखतंय म्हणणाऱ्या आजीचं, की त्याला काही कळत नाही म्हणणाऱ्या नर्सबाईंचं?

मी बी.ए. इतिहास घेऊन केलं आहे, डॉक्टरकीतलं मला काही येत नाही. पण त्या दिवसानंतर मिळेल ते वाचलं, डॉक्टरांना विचारलं. तेव्हा समजलं की या प्रश्नावर जगातले मोठमोठे डॉक्टरही अनेक वर्षं चुकत होते. त्याचाच इतिहास आज सांगते.

न बोलणाऱ्यांचं दुखणं

ज्याला सांगता येत नाही त्याचं दुखणं लवकर मानलं जात नाही, हे आपण बायका चांगलं जाणतो. १८४६ मध्ये अमेरिकेत ईथरची भूल देऊन शस्त्रक्रिया करून दाखवली. पुढच्याच वर्षी स्कॉटलंडमध्ये डॉ. जेम्स सिम्प्सन यांनी बाळंतपणाच्या कळांवर क्लोरोफॉर्म वापरायला सुरुवात केली, तेव्हा कितीतरी लोकांनी विरोध केला. कळा सोसणं हा बाईचा धर्मच, असं म्हणणारे होते. १८५३ मध्ये खुद्द राणी व्हिक्टोरियाने बाळंतपणात क्लोरोफॉर्म घेतला, तेव्हा कुठे तो विरोध ओसरू लागला.

आपल्याकडे डॉ. आनंदीबाई जोशी यांची कथा सगळ्यांना माहीत आहे. चौदाव्या वर्षी त्यांना मूल झालं आणि दहा दिवसांत गेलं. त्या दुःखातून त्या अमेरिकेला गेल्या आणि १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. बाळंतिणीच्या आणि तान्ह्या बाळाच्या दुखण्याकडे कुणी नीट पाहत नाही, हे त्यांनी स्वतः भोगलं होतं.

मोठ्यांना भूल मिळू लागली. बाईलाही उशिरा का होईना मिळाली. तान्हं बाळ मात्र मागेच राहिलं, आणि त्यातही दिवस न भरलेलं बाळ सगळ्यांत मागे.

'त्याला कळत नाही' हे आलं कुठून?

१९४१ मध्ये अमेरिकेत मर्टल मॅकग्रॉ नावाच्या बाईंनी लहान मुलांवर एक अभ्यास केला. टाचणीने हलकेच टोचायचं आणि मूल काय करतं ते पाहायचं. जन्मल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत काही बाळांनी फारसा प्रतिसाद दिला नाही. त्यावरून समज पक्का झाला की नवजात बाळाचा मेंदू कच्चा असतो, नसांवरचं वेष्टण पूर्ण झालेलं नसतं, म्हणून वेदना पोचतच नाही. बाळ हातपाय झाडतं किंवा रडतं ते आपोआप, समजून नव्हे.

याला भीतीचीही जोड होती, आणि ती भीती खोटी नव्हती. किलो-दीड किलोच्या बाळाला भूल देणं आजही जोखमीचं काम आहे. औषध जरा जास्त झालं तर श्वास थांबतो, रक्तदाब उतरतो. त्या काळी इतक्या लहान जिवासाठी यंत्रंही नव्हती. मग डॉक्टर विचार करायचे, दुखत तर नाहीच, मग भुलीचा धोका कशाला घ्या? त्यामुळे १९८० च्या दशकापर्यंत पुढारलेल्या देशांतसुद्धा अनेक अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या शस्त्रक्रिया पुरेशी भूल न देता होत. स्नायू लुळे पाडणारं औषध देत, म्हणजे बाळ हलत नसे. बाळ हलत नाही आणि रडत नाही, म्हणजे त्याला दुखत नाही, असा हिशोब.

मैत्रिणींनो, हात बांधून, तोंड बांधून कुणाला मारलं तर ते ओरडणार कसं?

एका आईने विचारलेला प्रश्न

हा हिशोब मोडायला एक आई कारण झाली. १९८५ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत जिल लॉसन या बाईंना दिवस भरण्याच्या खूप आधी मुलगा झाला. नाव जेफ्री. हृदयाजवळची एक रक्तवाहिनी जन्मानंतर आपोआप बंद व्हायला हवी, ती अशा बाळांमध्ये पुष्कळदा उघडी राहते. तशी ती जेफ्रीची राहिली, म्हणून त्याची शस्त्रक्रिया झाली. पुढे काही आठवड्यांतच तो गेला. नंतर आईला समजलं की शस्त्रक्रियेच्या वेळी त्याला फक्त लुळं पाडणारं औषध दिलं होतं. वेदना थांबवणारं काहीच दिलं नव्हतं.

त्यांनी विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, इतक्या लहान बाळाला दुखत नाही. आपल्या मावशींना मिळालं तेच उत्तर. पण त्या बाई गप्प बसल्या नाहीत. पत्रं लिहीत राहिल्या. १९८६ मध्ये वॉशिंग्टन पोस्ट या वर्तमानपत्राने हा विषय छापला आणि अमेरिकेतल्या आईबापांमध्ये खळबळ उडाली. आपलं मूल तर गेलं, पण दुसऱ्याच्या मुलाला असं होऊ नये, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

इंदूरला शिकलेला डॉक्टर

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये आपला एक माणूस याच प्रश्नाच्या मागे लागला होता. डॉ. कंवलजीत सिंग आनंद. यांचं डॉक्टरकीचं शिक्षण इंदूरच्या महात्मा गांधी मेमोरियल मेडिकल कॉलेजात झालं. आपल्या खानदेशातल्या कितीतरी घरांची सोयरीक आहे, ते इंदूर. तिथून शिष्यवृत्ती मिळवून ते ऑक्सफर्डला गेले. तिथे त्यांनी पाहिलं की शस्त्रक्रियेला नेताना बरी असलेली अपुऱ्या दिवसांची बाळं परत येतात ती फिक्कट, थकलेली, नाडी मंद झालेली. असं का होतं, हा प्रश्न त्यांना पडला.

त्यांनी दोन सोबत्यांसह सोळा बाळांचा अभ्यास केला. या सगळ्या बाळांची शस्त्रक्रिया जेफ्रीसारखीच होती. आठ बाळांना त्या वेळच्या रिवाजाप्रमाणे हलका वायू आणि लुळं पाडणारं औषध. उरलेल्या आठांना त्याशिवाय फेंटॅनिल हे वेदनाशामक. मग रक्त तपासून शरीरावर किती ताण आला ते मोजलं. ज्यांना वेदनाशामक दिलं नव्हतं त्यांच्या रक्तात ताणाची रसायनं कितीतरी जास्त वाढली होती, साखर बिघडली होती आणि शस्त्रक्रियेनंतरचा त्रासही जास्त झाला होता. जानेवारी १९८७ मध्ये हा अभ्यास लॅन्सेट या साप्ताहिकात आला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डॉ. आनंद आणि डॉ. हिकी यांचा एक मोठा लेख अमेरिकेत छापला. वेदना पोचवणाऱ्या नसा जन्माच्या आधीच तयार झालेल्या असतात आणि वेष्टण अपुरं असलं तरी वेदना पोचते, हे त्यात पुराव्यानिशी मांडलं होतं. त्याच १९८७ मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने जाहीर केलं की नवजात बाळालाही शस्त्रक्रियेत भूल आणि वेदनाशामक मिळायला हवं.

पुढच्या अभ्यासांतून तर उलटंच समजलं. दुखणं आवरून धरायची जी शक्ती मोठ्या माणसाच्या शरीरात असते, ती या बाळांमध्ये अजून तयार व्हायची असते. म्हणजे त्यांना आपल्यापेक्षा कमी नाही, जास्तच दुखू शकतं. २०१५ मध्ये ऑक्सफर्डमध्येच डॉ. रिबेका स्लेटर आणि सहकाऱ्यांनी पूर्ण दिवसांच्या नवजात बाळांच्या मेंदूचे स्कॅन काढले. पायाला हलकं टोचल्यावर मोठ्या माणसाच्या मेंदूचे जे वीस भाग जागे होतात, त्यांपैकी अठरा या बाळांमध्येही जागे झाले.

म्हणजे आजीचं खरं होतं.

शस्त्रक्रियेचं झालं, रोजच्या सुईचं काय?

शस्त्रक्रिया सगळ्याच बाळांची होत नाही. सुया मात्र सगळ्यांना. टाचेतून रक्त, सलाईन, नाकातून नळी, चिकटपट्टी ओढून काढणं, डोळ्यांच्या पडद्याची तपासणी. पॅरिस आणि आसपासच्या तेरा दवाखान्यांतल्या ४३० बाळांची नोंद २००८ मध्ये छापली गेली. एकेका बाळाला दिवसाला सुमारे दहा दुखऱ्या गोष्टी सोसाव्या लागत होत्या, आणि बहुतेक वेळा त्यावर काही उपाय केलेला नव्हता.

हे टोचणं कुणी हौसेने करत नाही, हेही तितकंच खरं. साखर उतरली का, कावीळ वाढली का, रक्तात जंतू आहेत का, हे त्या एका थेंबातून कळतं. ते थांबवून बाळ वाचत नाही. मग टोचायचं, पण दुखणं कमी कसं करायचं?

यासाठी आधी दुखणं ओळखावं लागतं. १९९६ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळाची वेदना मोजायची एक पट्टी तयार केली. कपाळावर आठी येते का, डोळे घट्ट मिटतात का, नाकापासून ओठाकडे घडी पडते का, हृदयाचे ठोके किती वाढले, रक्तातला प्राणवायू किती उतरला, हे पाहून गुण द्यायचे. बाळ किती आठवड्यांचं आहे आणि जागं होतं की झोपेत, हेही त्यात धरतात. कारण जितकं बाळ लहान आणि अशक्त, तितकं ते कमी रडतं. काही बाळं तर दुखलं की एकदम गप्प आणि ढिली पडतात. म्हणून 'रडलं नाही म्हणजे दुखलं नाही' असं धरायचं नाही.

औषध निघालं आईच्या कुशीत

आता जरा मागे जाऊ. १९७८ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशात, बोगोटा शहरात, डॉ. एडगर रे यांच्या दवाखान्यात काचेच्या पेट्या कमी पडत होत्या. एकेका पेटीत दोन-दोन बाळं, त्यातून जंतुसंसर्ग. त्यांनी बाळ आईच्या उघड्या छातीवर, कातडीला कातडी लावून, उभं बांधायला सुरुवात केली. कांगारू आपलं पिल्लू पोटाच्या पिशवीत ठेवते तसं. बाळाला ऊब मिळते आणि दूधही.

ही युक्ती ऊब देण्यासाठी निघाली होती. वेदनेवरही ती चालते, हे नंतर कळलं. २००० मध्ये बॉस्टनमध्ये आढळलं की आईच्या छातीवर असताना टाचेला टोचलं तर पूर्ण दिवसांची बाळं पुष्कळ कमी रडतात. २००३ मध्ये कॅनडात बत्तीस ते छत्तीस आठवड्यांच्या बाळांमध्येही तेच दिसलं. त्याआधी १९९१ मध्ये अमेरिकेत साखरेच्या पाण्याचा उपयोग दाखवून झाला होता. टोचण्याआधी जिभेवर थोडं दिलं तर रडणं निम्म्यावर येतं. पुढे यावर शंकाही निघाल्या. चेहऱ्यावरची वेदना कमी दिसली तरी मेंदूतली तेवढी कमी होत नसावी, असं २०१० च्या एका अभ्यासात आढळलं. म्हणून साखरेवर सगळं सोडून चालत नाही.

आणि हे काम फक्त परदेशातच झालं असं नाही. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आईच्या दुधाची बँक सुरू केली, देशातली पहिली. मुंबईच्याच के.ई.एम. रुग्णालयात डॉ. रुची ननावटी आणि सहकाऱ्यांनी कांगारू पद्धतीवर बरंच काम केलं. २०१३ मध्ये त्यांचा एक अभ्यास छापून आला. दीड किलोपेक्षा कमी वजनाची पन्नास बाळं. त्यांच्या अंगावरची चिकटपट्टी काढायची होती. काहींना आधी पंधरा मिनिटं आईच्या छातीवर ठेवलं, बाकीच्यांना आईचं काढलेलं दूध दिलं. साधी पट्टी काढणंसुद्धा एवढ्या बाळाला दुखतं, हे त्यांनी मोजून दाखवलं. आईची कूस आणि आईचं दूध या दोन उपायांत त्यांना फरक आढळला नाही. दोन्ही उपाय आईपाशीच आहेत. दुकानात जावं लागत नाही.

२०२१ मध्ये तर आणखी मोठी गोष्ट पुढे आली. भारतासह पाच देशांतल्या दवाखान्यांत, त्यात दिल्लीचं सफदरजंगही होतं, एक ते एक किलो आठशे ग्रॅमच्या आतल्या तीन हजारांहून अधिक बाळांचा अभ्यास झाला. जन्मल्याबरोबर कांगारू पद्धत सुरू केली तर पहिल्या अठ्ठावीस दिवसांत शंभरातली बारा बाळं दगावली. आधी स्थिर होऊ दे, मग आईकडे देऊ, असं केलं तिथे सुमारे सोळा. म्हणजे आईला दाराबाहेर बसवणं बाळाला महागात पडतं.

आपल्या घरातला इतिहास

दवाखान्याला बोल लावताना आपणही आपल्या घरात पाहायला हवं. आपल्याकडे बाळाचे कान टोचतात तेव्हा आजी आधी आईला म्हणते, पदराखाली घे. देवीची लस टोचून घ्यायचे दिवस होते, तेव्हाही रडणाऱ्या लेकराला आई छातीशीच धरायची. बोगोटा आणि बॉस्टनला जे उशिरा समजलं, ते आपल्या आज्यांच्या हाताला माहीत होतं.

पण याच घरांत पोट फुगलं म्हणून बाळाला डागही दिले गेले. मेळघाटात याला डंबा म्हणतात, तापलेल्या विळ्याने पोटावर चटके. अशा बातम्या आजही येतात. आपल्या भागातही बिब्ब्याचे डाग पोटावर घेऊन वाढलेली माणसं मी पाहिली आहेत. चटका देणाऱ्यालाही वाटायचं, एवढ्याशाला काय कळतंय. डाग देणं उपचार नाही. त्याने जखम होते, जंतू शिरतात आणि दवाखान्यात जायला उशीर होतो. सुई दुखते म्हणून बाळ घरी आणायचं आणि घरी चटके द्यायचे, हे कोणत्या मायेत बसतं?

मग त्या कर्जाचं काय झालं?

आम्ही ते कर्ज दिलं. पण बाळ घरी आणायला नाही. मावशींना आणि मला तिकडे जायला. तिथे दुसऱ्या पाळीच्या सिस्टर होत्या. मी भांडले नाही. एवढंच म्हटलं, "सिस्टर, टोचायच्या वेळी त्याच्या आईला जवळ बसू द्याल का?" त्यांनी डॉक्टरांना विचारलं. हात धुवून, गाऊन घालून मुलीला आत घेतलं. त्या दिवसापासून बाळ तिच्या छातीवर असताना टाचेतून रक्त काढायचे. जमत नसे तेव्हा ती दोन्ही हातांची ओंजळ करून त्याचं डोकं आणि पाय गोळा करून धरायची. बाळ रडायचं, पण लवकर शांत व्हायचं. मावशींनी बाळ घरी न्यायचा विषय पुन्हा काढला नाही. महिनाभराने ते घरी आलं. या वर्षी पोळ्याला ते बैलांमागे पळत होतं.

तर मैत्रिणींनो, तुमच्या घरात, गटात, गल्लीत असं बाळ झालं तर चार गोष्टी लक्षात ठेवा.

बाळाला डॉक्टरांना न विचारता सही देऊन घरी आणू नका. ज्या सुयांनी ते रडतं, त्याच सुया त्याला वाचवत असतात.

डॉक्टरांना विचारा, कांगारू पद्धत कधी सुरू करता येईल, आणि टोचताना आई जवळ राहू शकते का. शस्त्रक्रिया असेल तर भूल आणि वेदनाशामक कोण, कसं देणार, तेही विचारा. विचारणं म्हणजे भांडण नव्हे. आईला बरं नसेल तर बाबा, आजी, मावशी यांच्याही छातीवर बाळ ठेवता येतं.

साखरेचं पाणी, मध, घुटी आपल्या मनाने बाळाच्या तोंडात घालू नका. दवाखान्यात साखरेचं पाणी देतात ते मोजून, थेंबाथेंबाने, फक्त टोचण्याच्या वेळी. मध तर वर्ष होईपर्यंत नकोच.

आणि बाळ घरी आल्यावर लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीत जाल तेव्हा त्याला मांडीवर घेऊन पाजत बसा आणि पाजतानाच लस द्यायला सांगा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये हाच सल्ला दिला आहे. आशाताईंनाही सांगून ठेवा. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी सांगितलेल्या तारखेला चुकवू नका. ती बाळाला त्रासाची असते, पण नजर वाचवते.

त्या अमेरिकेतल्या बाईंनी प्रश्न विचारला तेव्हा त्यांचं बाळ गेलेलं होतं. आपल्याला वेळेवर विचारता येतो. आमच्या गटाने त्या बैठकीच्या वहीत एक ठराव लिहून ठेवला आहे: अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या आईला दवाखान्यात राहण्यासाठी लागणारं कर्ज त्याच दिवशी द्यायचं, बैठकीची वाट पाहायची नाही. तुमच्याही गटात हा विषय काढा.